घटस्थापनेपर्यंतची मुदत

हा जाहीर इशारा आहे. ज्यांच्या सहीवाचून आमच्या गावच्या हंगामी वसतिगृहाची चूल पेटत नाही त्या साहेबांना, ज्यांच्या गाड्या आमच्या वेशीत येऊन उभ्या राहतात त्या मुकादमांना, आणि आमच्या स्वतःच्या गावाला. तिघांनीही तो आपल्यालाच आहे असं समजून वाचावा.

घटस्थापनेच्या दिवशी वसतिगृहाच्या मंजुरीचं लेखी पत्र शाळेत पोचलेलं असलं पाहिजे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लेकरांची पहिली पंगत बसली पाहिजे. ती बसली नाही, तर आमच्या गावातून एकही कोयता उसाला जाणार नाही. आधी महिलांच्या सभेत आणि मग ग्रामसभेत हे ठरलं आहे. ठरावाखाली सह्या आणि अंगठे झाले आहेत. मुदत वाढवून मागायला कोणी येऊ नये.

आमचं गाव बालाघाटाच्या डोंगरात आहे. जमीन मुरमाड, विहिरी दिवाळीतच तळ दाखवतात. बाजरी निघाली, कापसाची पहिली वेचणी झाली की हाताला काम उरत नाही. बीड, अहिल्यानगर, जालना, धाराशिव या भागांतल्या शेकडो गावांसारखं आमचं गावही मग दसरा-दिवाळीच्या सुमाराला रिकामं होतं. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. त्या कोयत्यावर मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली असते आणि दवाखाना, बियाणं, लग्न यांत ती संपलेलीही असते. फेडायची तर सांगली, कोल्हापूर, साताऱ्याकडे, नाहीतर थेट कर्नाटकात, पाच-सहा महिने फडात वाकायचं. ट्रकात भांडी चढतात, कोपीसाठी बांबू चढतात, पीठ-मीठ चढतं, शेळी चढते. आणि त्या सगळ्याच्या वर लेकरं बसतात.

माझे आई-वडील असेच जायचे. मी आजीपाशी राहिलो, एवढ्या एका कारणाने मास्तर झालो. माझ्या मोठ्या बहिणीला धाकट्याला सांभाळायला म्हणून फडात नेलं. तिला आजही सही करता येत नाही. एकाच घरातली दोन लेकरं, एक मागे राहिलं आणि एक गाडीत बसलं, त्यातून काय घडतं हे मला कोणी आकडेवारी काढून सांगायची गरज नाही. छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवून मी निवृत्त झालो. त्यातली शेवटची वर्षं याच गावात, याच वसतिगृहाच्या मागे लागण्यात गेली.

हंगामी वसतिगृह म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकासाठी सांगतो. त्याला वेगळी इमारत नसते. शाळा तीच, वर्ग तेच. दुपारचं जेवण शालेय पोषण आहारातून मिळतंच. सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण समग्र शिक्षा अभियानाच्या निधीतून मिळायचं असतं. बचत गटाच्या बाया स्वयंपाक करतात. जेवण झाल्यावर दोन तास अभ्यास होतो, गावातलेच बारावी झालेले पोरगा-पोरगी तो घेतात. मग लेकरं आपापल्या आजी-आजोबांपाशी झोपायला जातात. डोळ्यांत मोतीबिंदू झालेल्या म्हातारीला तीन नातवंडांचं दोन्ही वेळचं रांधणं होत नाही. तिला तेवढा आधार मिळाला की ती सुनेला म्हणते, ‘ठेव इथंच, बघते मी.’ या वाक्यासाठी वसतिगृह असतं. ते जसं लेकरांचं आहे तसंच मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांचंही आहे.

रात्री आठच्या सुमाराला आमच्याकडे खिडकीच्या कट्ट्यावर फोन ठेवलेला असतो. पलीकडून फडातून आया फोन करतात. लेकरं रांगेत उभी राहतात आणि दोन-दोन मिनिटं बोलतात. ‘काय जेवलास?’ हा पहिला प्रश्न. उत्तरात भाजीचं नाव आलं की पलीकडे एक क्षण कोणी बोलत नाही. मग ‘अभ्यास कर’ म्हणून फोन पुढच्या पोराकडे जातो. ज्या साहेबांना वसतिगृहाची फाईल म्हणजे कागदांचा एक गठ्ठा वाटतो, त्यांनी एकदा रात्री आठ वाजता त्या खिडकीपाशी येऊन उभं राहावं.

आता गेल्या वर्षीचं सांगतो. गणपती बसले त्या आठवड्यात आम्ही प्रस्ताव दिला. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, मुलांची यादी, पालक कुठे जाणार, कोणत्या टोळीत, मागे सांभाळणारं कोण, सगळं जोडलं होतं. यादीत ४१ नावं होती. आधी त्रुटी निघाली की आधारच्या प्रती पुसट आहेत. त्या बदलल्या. मग सांगितलं की नमुना बदलला आहे, नव्या नमुन्यात भरून द्या. तेही दिलं. मग संबंधित साहेब रजेवर गेले. दसरा झाला. तिसऱ्या दिवशी पहाटे पहिली गाडी वेशीत लागली. एका आठवड्यात गाव रिकामं झालं. मंजुरीचं पत्र मार्गशीर्षात आलं. ज्या दिवशी चूल पेटली त्या दिवशी पंगतीला नऊ लेकरं होती. बाकीची ताटं बायांनी घासून, पुसून एकावर एक रचून ठेवली होती. हंगाम संपेपर्यंत ती तशीच राहिली.

कागदावर मात्र आमच्या गावात वसतिगृह चाललं. मंजूर झालं, सुरू झालं, निधी खर्ची पडला. माझं सगळं म्हणणं या एकाच गोष्टीवर आहे. गाड्या गेल्यावर उघडलेलं वसतिगृह म्हणजे वसतिगृह नव्हे. लेकरू एकदा ट्रकात चढलं की त्याला सहा महिने कोणी परत आणून सोडत नाही. नकार आणि उशीर यांत इथे फरक नाही. उलट नकार तरी वेळेत कळतो, माणूस दुसरी काही सोय बघतो. उशिराने आई-बापाला दसऱ्यापर्यंत आशेवर ठेवलं जातं आणि मग पहाटेच्या अंधारात लेकराला उचलून गाडीत टाकावं लागतं.

तारीख आधी ठरवता येत नाही, असं कोणी सांगू नये. गाळप हंगाम कधी सुरू करायचा हे दरवर्षी मंत्री समिती बसून ठरवते. २०२४ साली १५ नोव्हेंबर ठरली होती, २०२५ साली १ नोव्हेंबर. साखर आयुक्तांच्या परवान्याशिवाय कारखान्याचं धुराडं पेटत नाही, आणि ठरल्या तारखेच्या आधी गाळप केलं तर कारवाई होते. म्हणजे ऊस कधी तुटणार हे सरकारला महिनाभर आधी माहीत असतं. ऊस तोडणारे हात त्याआधी कधी गावं सोडणार हे आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. साखरेसाठी तारीख काढता येते, तर त्या साखरेसाठी घर सोडणाऱ्यांच्या लेकरांच्या भाकरीसाठी का काढता येत नाही? या प्रश्नाला आजवर मला एकाही टेबलावर उत्तर मिळालेलं नाही.

कायद्याबद्दलही बोलतो, कारण अर्ज घेऊन गेलेल्या माणसाला तिथे असं वागवलं जातं की तो काहीतरी फुकट मागायला आला आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या नवव्या कलमात स्थानिक प्राधिकरणाची कर्तव्यं दिली आहेत. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या मुलांना शाळेत प्रवेश मिळेल हे पाहणं, हे त्यांतलं एक कर्तव्य आहे. कर्तव्य हा शब्द साहेबांनी नीट वाचावा.

याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत, असं सांगितलं. तरतूद चांगली आहे. पण आमच्यासारख्या गावात तिचं काय होतं? ज्या पालकांनी हिशेब मागायचा, भांडायचं, ते पालक दिवाळीपासून पाडव्यापर्यंत दोन-तीनशे किलोमीटर दूर पाचटात उभे असतात. समितीची बैठक असते तेव्हा समिती गावात नसते. मार्गशीर्षात पत्र आलं तरी विचारायला कोणी येत नाही, हे ज्यांना पुरतं ठाऊक आहे त्यांनाच उशीर परवडतो. या वर्षी म्हणूनच आम्ही भाद्रपदातच बोलतो आहोत, सगळे गावात असताना.

गाडीत गेलेल्या लेकरांचं काय होतं, तेही सांगितलं पाहिजे. चौथीतली एक मुलगी. श्रावणात ती जोडाक्षरं न अडखळता वाचत होती, मोठ्याने वाचायला पुढे यायची. चैत्रात परत आली. मी तिच्यापुढे तेच पुस्तक, तोच धडा ठेवला. तिने सवयीने ओळीखाली बोट ठेवलं. बोटावर पाचटाने कापलेल्या बारीक रेघा होत्या, काही ओल्या होत्या. बोट पुढे सरकत होतं पण तोंडातून शब्द येत नव्हता. ‘प्र’पाशी येऊन ती थांबली. माझ्याकडे बघितलं, मग पुस्तकाकडे, मग मान खाली. पुढच्या आठवड्यात ती शाळेत आली नाही. घरी गेलो तर आई म्हणाली, ‘मास्तर, तिला लाज वाटतीय.’ नऊ वर्षांच्या लेकराला लाज वाटत होती. लाज वाटायला हवी अशी माणसं दुसरीकडे खुर्चीत बसली होती.

फडात लेकरू बसून राहत नाही. मोळीला बंध लावतं, वाढं गोळा करतं, तान्ह्याला झोळीत हलवतं, पाणी आणतं. पहाटे तीन-चारला तोड सुरू होते, तेव्हा सरीतच अंथरलेल्या गोधडीवर लहानं झोपलेली असतात आणि अंधारात ट्रॅक्टर मागे येत असतो. विंचू-साप आहेत, कठडे नसलेल्या विहिरी आहेत. शिक्षण हमी कार्ड दिलं जातं, ते दाखवून तिकडच्या शाळेत बसता येतं, हे खरं आहे. पण कोपी आज या शिवारात आणि पंधरा दिवसांनी दुसऱ्या, शाळा तीन-चार किलोमीटरवर, आणि सोडायला जाणारं माणूस फडात. पूर्वी कारखान्यांच्या तळांवर साखरशाळा होत्या. मुलांनी नियमित शाळेतच जावं असं ठरल्यावर त्यांतल्या बहुतेक बंद पडल्या. संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना २०२१ साली आली, ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं. ती व्हावीत, पुरती व्हावीत, आमची त्याला साथ आहे. पण ती तालुक्याच्या ठिकाणी. सहा-सात वर्षांचं लेकरू तिथे एकटं राहणार नाही. त्याला त्याची आजी आणि गावातलं गरम ताट हवं. म्हणून गावातल्या वसतिगृहाला पर्याय नाही.

मुलींबद्दल आणखी एक. जोडीला उचल मिळते, एकट्याला अर्धा कोयता म्हणतात. म्हणून पोराचं लग्न लवकर करून जोडी लावायची आणि शाळा सुटलेल्या पोरीला घरात ठेवायची नाही, हे चक्र आमच्या भागात चालतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत बीड जिल्ह्यातल्या विशीच्या पुढच्या चार-पाच वर्षांतल्या तरुणींपैकी ४३ टक्क्यांहून अधिक जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. सातवीतली मुलगी रात्रीच्या अभ्यासाला बसलेली असते, तोवर तिच्या लग्नाची बोलणी घरात होत नाहीत. हे मी माझ्या वर्गातल्या मुलींवरून सांगतो. ज्या वर्षी चूल पेटत नाही त्या वर्षी माघापासून पत्रिका छापल्या जातात.

मुकादम मंडळींनो, आता तुमच्याशी. तुम्ही आमच्यातलेच आहात, काहींना मी शिकवलं आहे. गेल्या हंगामात तुमच्यातला एक जण मला म्हणाला, ‘मास्तर, पोरं गावात ठेवली की बायांचं चित्त लागत नाही, तोडणी कमी पडते.’ त्याला मी तिथेच सांगितलं ते इथे सगळ्यांना सांगतो. पोर उपाशी असेल तर चित्त लागत नाही. पोर जेवलं हे रात्री फोनवर कळलं की बाई सकाळी सुखाने कोयता उचलते. शाळेत नाव असलेलं एकही लेकरू या वर्षी तुमच्या गाडीत चढलेलं आम्हाला दिसलं, तर गाडी वेशीतून हलणार नाही. वेशीत म्हाताऱ्या बसणार आहेत. त्यांना हात लावायची हिंमत कोणी करू नये.

आम्ही उचल बुडवणार नाही, हे स्पष्ट लिहून देतो. ज्या दिवशी चूल पेटेल त्याच्या दुसऱ्या दिवशी टोळ्या निघतील. तोवर जे दिवस वाया जातील त्यांचा जाब तुम्ही आम्हाला विचारायचा नाही. ज्या टेबलावर फाईल थांबली आहे तिथे जाऊन विचारा. कारखान्याची माणसं तुम्हाला फोन करतील, ‘टोळ्या कुठे आहेत?’ तेव्हा त्यांना साहेबांचा नंबर द्या. आजवर उशीर आमच्या लेकरांच्या अंगावर पडत आला. या वर्षी तो उसावर पडेल.

या निर्णयाची किंमत आम्हाला माहीत आहे. उचल वेळेत फिटली नाही म्हणून बैल सोडून नेल्याचं, माणसाला बसवून ठेवल्याचं आमच्या भागाने पाहिलं आहे. ग्रामसभेत एक बाई उठून म्हणाली, ‘आम्ही थांबलो अन् शेजारच्या गावच्या टोळ्या आमच्या फडात शिरल्या तर?’ प्रश्न खरा होता. त्यावर बराच वेळ कोणी बोललं नाही. शेवटी आसपासच्या गावांत माणसं पाठवायचं ठरलं, आणि चार गावांनी असाच ठराव घेतला आहे. दरवाढीसाठी कोयता बंद करता येतो, हे आपण पाहिलं. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीदरात ३४ टक्के वाढ झाली ती कोयता खाली ठेवायची तयारी दाखवल्यावरच. लेकरांच्या शाळेसाठी मात्र या राज्यात कोयता कधी थांबलेला मला आठवत नाही. आता थांबेल.

आणि गावा, तुझ्याशीही बोलतो, कारण सगळा दोष बाहेर नाही. वसतिगृहाच्या खोलीत लग्नाची भांडी आणि मंडपाचे खांब ठेवले आहेत. घटस्थापनेच्या आधी ती खोली रिकामी झाली नाही तर आम्ही सामान रस्त्यावर काढून ठेवू, मालक कोणीही असो. ज्या बापाने उचल घेतली आणि त्यातली निम्मी दारूत घालवली, त्याने ग्रामसभेत लेकरांच्या नावाने गळा काढू नये. वसतिगृह चालू असताना मुलीचं नाव काढून तिला गाडीत बसवणाऱ्या किंवा अठराच्या आत बोहल्यावर चढवणाऱ्या घराविरुद्ध मी स्वतः तक्रार देणार आहे. त्यात नातं बघणार नाही, माझ्या भावकीतलं घर असलं तरी. आणि मतांच्या वेळी फडातून माणसं आणायला गाड्या पाठवणाऱ्या पुढाऱ्यांना गावाने या वर्षी पारावर बसवून एकच विचारावं, की वसतिगृहाच्या फाईलमागे तुमची गाडी किती वेळा गेली?

‘वर्गणी काढून गावानेच चालवा’ असं सुचवणारे भेटतात. चालवलं आहे. एका वर्षी महिनाभर ज्वारी, डाळ, तेल घरोघर मागून चालवलं. किराणा दुकानदाराची उधारी पाडव्यापर्यंत राहिली आणि स्वयंपाक करणाऱ्या बायांना मानधनाशिवाय राबावं लागलं. हंगामात गावात उरतात ते म्हातारे, त्यांच्याकडून कोणती वर्गणी काढायची? गाव धान्य देईल, हात देईल, राखण करील. पण जो निधी लेकरांच्या नावाने येतो तो वेळेवर द्यायचं काम ज्यांचं आहे त्यांनीच ते करायचं आहे.

साहेब, तुमच्यासाठी पुढचं सगळं स्पष्ट आहे. प्रस्ताव तुमच्या नमुन्यात, तुमच्या यादीप्रमाणे, पोच घेऊन दिलेला आहे. त्रुटी असेल तर ती आठ दिवसांत एकदाच आणि लेखी कळवावी. तोंडी त्रुटी आम्ही ऐकून घेणार नाही. प्रस्ताव कोणत्या तारखेला कोणाच्या टेबलावर होता याची माहिती अधिकारात मागणी केलेली आहे आणि उत्तर ग्रामपंचायतीच्या फलकावर लागेल. ऊसतोड मजुरांच्या हालअपेष्टांची मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ साली स्वतःहून दखल घेतली. गेल्या वर्षीच्या सगळ्या तारखा, मार्गशीर्षातलं ते पत्र आणि नऊ लेकरांचा हजेरीपट घेऊन तिथे जायची आमची तयारी झाली आहे. लेकरांना उन्हात बसवून आम्ही आंदोलन करणार नाही. त्यांची जागा वर्गात आहे. तुमच्या दारात आम्ही मोठी माणसं येऊ, आणि कोयते घेऊन नव्हे, ती रिकामी ताटं घेऊन येऊ.

या वर्षीच्या यादीत ४३ नावं आहेत. ती शाळेच्या दारावर लावली आहे, शेजारी कोणाची आजी, कोणाचे आजोबा सांभाळणार हेही लिहिलं आहे. घटस्थापनेच्या सकाळी दहा वाजल्यापासून आम्ही शाळेच्या वऱ्हांड्यात बसणार आहोत. पत्र घेऊन साहेबांनीच यावं असं नाही, शिपाई आला तरी चालेल. बायांनी चुलीचे दगड मांडले आहेत आणि जळण पावसात भिजू नये म्हणून आत रचून ठेवलं आहे.